पैसे आधी, जेवण नंतर : बडोदा-एकतानगरच्या ‘विथ मील’ पॅकेजमध्ये ताटात काय येते आणि का

वडोदरा : दिवाळीची सुट्टी लागली की नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिककडच्या गाड्या सुरत-वडोदऱ्याच्या दिशेने निघतात. सरकारी कागदावर वडोदरा, पण मराठी माणसाच्या तोंडी अजून बडोदाच. कुणाचे नातेवाईक दांडिया बाजारात किंवा रावपुऱ्यात असतात, कुणाला लक्ष्मी विलास पॅलेस बघायचा असतो, मुलांना आजव्याचे पार्क हवे असते. आणि यादीच्या शेवटी एकतानगर, म्हणजे जुने केवडिया, असतेच. 31 ऑक्टोबर 2018 रोजी तिथल्या 182 मीटर उंच सरदार पटेल पुतळ्याचे अनावरण झाले आणि तेव्हापासून हा सगळा टापू सहलीच्या नकाशावर आला. बडोद्याहून तो साधारण 90 किलोमीटर. नंदुरबारकरांना तर अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा, राजपीपळा असे करत थेटही जाता येते.

बुकिंगचा फोन लावला की पलीकडून एक प्रश्न हमखास येतो : ‘‘विथ मील घ्यायचं की विदाऊट?’’ प्रश्न साधा वाटतो. चार माणसांच्या दोन रात्रींच्या सहलीत त्या उत्तरावर काही हजार रुपये इकडचे तिकडे होतात. मात्र नुसत्या पैशांचाच प्रश्न असता तर हिशेब सोपा होता. जेवणाचे पैसे आधी घेतले की हॉटेलच्या स्वयंपाकघरात मेन्यूच वेगळा ठरतो. पदार्थ कोणते, किती, कोणत्या क्रमाने मांडायचे, गोड कुणी वाढायचे, हे सगळे त्या आधी घेतलेल्या पैशांवरून ठरते. कसे, ते समजून घेतले तर ‘विथ’ की ‘विदाऊट’ याचे उत्तर प्रत्येकाला आपापल्या घरापुरते काढता येते.

ईपी, सीपी, मॅप, एपी

हॉटेलवाल्यांची या बाबतीत स्वतःची बाराखडी आहे. ईपी म्हणजे नुसती खोली, जेवणखाण काही नाही. सीपी म्हणजे खोली आणि सकाळचा नाश्ता. मॅप म्हणजे नाश्ता अधिक एक जेवण, दुपारचे किंवा रात्रीचे. बहुतेक जण रात्रीचे घेतात, कारण दुपारी माणसे फिरत असतात. एपी म्हणजे नाश्ता आणि दोन्ही जेवणे. मूळ इंग्रजी नावांत युरोप, खंड, अमेरिका असे काय काय आहे, त्याचा आता कशाशी संबंध उरलेला नाही. सापुतारा असो, महाबळेश्वर असो की एकतानगर, एजंट ‘मॅपमध्ये देतो साहेब’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ एवढाच.

याच्याही पुढची पायरी म्हणजे टेंट सिटी. एकतानगरला नर्मदेच्या काठी आणि कच्छमध्ये धोरडोला रणोत्सवाच्या वेळी तंबूंची जी वसाहत उभी राहते, तिथे राहणे, खाणे, चहा आणि काही ठिकाणी फिरवणेसुद्धा एकाच रकमेत विकले जाते. त्यामागे कारणही आहे. रणात चार पावलांवर दुसरे हॉटेल नाही. जेवण बाहेरून आणायची सोय नसेल तर ते पॅकेजमध्ये घालण्यावाचून गत्यंतर नाही.

थीम पार्क आणि वॉटर पार्कांचे थोडे निराळे. आजव्याचा तलाव सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात बडोदा शहराला पाणी पुरवण्यासाठी बांधला गेला. आज त्याच परिसरात करमणुकीचे पार्क आहे. खोपोलीजवळचे इमॅजिका 2013 मध्ये सुरू झाले. अशा बहुतेक पार्कांत घरचा डबा आत नेता येत नाही. शाळेची सहल किंवा सोसायटीचा ग्रुप असेल तर तिकिटाबरोबरच नाश्ता-जेवणाचे कूपन जोडून दर ठरतो. म्हणजे तिथेही पैसे आधीच दिलेले.

न आलेला पाहुणा कुणाला परवडतो?

आता स्वयंपाकघरातला हिशेब. आकडे समजण्यापुरते आहेत, कुठल्या एका हॉटेलचे नाहीत.

समजा एका रिसॉर्टच्या 40 खोल्या भरल्या, मिळून 120 माणसे. पॅकेजमध्ये रात्रीच्या जेवणाचे माणशी 400 रुपये धरले आहेत. म्हणजे 48,000 रुपये. हॉटेलच्या धंद्यात कच्च्या मालावर साधारण 30 ते 35 टक्के खर्च बसावा असा ठोकताळा असतो. 33 टक्के धरले तर माणशी 132 रुपये, एकूण 15,840. बाकीच्यात गॅस, पगार, भाडे, कमिशन आणि नफा.

त्या रात्री 20 माणसे जेवायला आलीच नाहीत. कुणाचे मूल झोपले, कुणी लेझर शो बघून उशिरा परतले, कुणी दुपारीच इतके खाल्ले की नुसते ताक पिऊन झोपले. साध्या हॉटेलात 20 माणसे आली नाहीत तर 20 माणसांचा गल्ला बुडाला. पॅकेजमध्ये गल्ला आधीच जमा आहे. स्वयंपाक 100 जणांचा केला तर 2,640 रुपयांचा माल वाचला. जो पाहुणा न येणे हे नेहमीच्या हॉटेलवाल्याचे नुकसान असते, तोच पाहुणा न येणे इथे कमाई ठरते.

मुरलेला व्यवस्थापक हे जाणून असतो. म्हणून तो 120 खाणाऱ्यांचा स्वयंपाक कधीच लावत नाही. किती येतील याचा अंदाज बांधतो आणि तेवढ्याचेच रांधतो. अंदाज चुकून जास्त माणसे आली, तर उशिरा येणाऱ्यांच्या वाट्याला पनीर संपलेली ग्रेव्ही येते. रात्री साडेनऊनंतर बुफेला गेलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

हिशेबाची दुसरी बाजू पाहुण्याकडे. बिल देऊन जेवताना चौघांचे कुटुंब दोन भाज्या, एक डाळ, एक राइस मागवते आणि मेन्यूकार्डची उजवी बाजू आधी वाचते. पैसे आधी भरले की उजवी बाजूच नाहीशी होते. पनीर आणि वांगे एकाच भावाचे होतात. साहजिकच चमचा पनीरकडे जातो. पैसे वसूल करायचे तर गुलाबजाम तीन खाल्लेच पाहिजेत असे घरातल्या शहाण्या माणसालाही वाटू लागते. हे लोभीपण आहे असे म्हणून टीका करण्यात अर्थ नाही. दर शून्य झाला की कुणीही असेच वागतो.

म्हणजे एका बाजूला महाग पदार्थावर तुटून पडणारा पाहुणा आणि दुसऱ्या बाजूला माणशी 132 रुपयांत बसवायची कढई. मेन्यू ठरतो तो या दोघांच्या रस्सीखेचीतून.

मग ताटात काय उरते

बुफेची रांग एकदा नीट बघावी. सुरुवातीला सॅलड, पापड, फरसाण. मग पुऱ्या किंवा रोटी. मग भात, डाळ, बटाट्याची भाजी. पनीर बहुतेक शेवटी, ताट भरत आल्यावर. वाट्या लहान. गोड पदार्थामागे पांढरा कोट घातलेला माणूस उभा, तो स्वतः वाढतो. दुसऱ्यांदा मागायला संकोच वाटेल एवढी ती व्यवस्था पुरेशी असते. डोसा किंवा पावभाजीचा ‘लाइव्ह काउंटर’ असतो. त्यात पाहुण्याला ताजे मिळते हे खरे, आणि रांग लागल्यामुळे माणूस एकच डोसा खातो हेही खरे.

पदार्थ निवडताना चवीच्या आधी दोन गोष्टी बघितल्या जातात : तो दोन तास गरम भांड्यात टिकतो का, आणि एका माणसाकडून शंभरांचा होतो का. पनीर बटर मसाला टिकतो. दाल फ्राय टिकते. जीरा राइस, मंचुरियन, हाका नूडल्स टिकतात. लाल, पिवळी, पांढरी अशा तीन ग्रेव्ह्या सकाळी काढून ठेवल्या की त्यांतून सहा-सात नावांच्या भाज्या निघतात. भाकरी मात्र टिकत नाही आणि शंभर भाकऱ्या थापायला दोन-तीन हात लागतात. ज्वारी किंवा नागली पनीरपेक्षा कितीतरी स्वस्त, तरी पॅकेजच्या ताटात भाकरी क्वचित दिसते ती याच कारणाने. माल स्वस्त, पण हात महाग.

यात एक विनोद आहे आणि थोडे दुःखही. नर्मदा जिल्हा आणि नंदुरबारचा अक्कलकुवा-धडगाव भाग एकाच सातपुड्याच्या कुशीतला. दोन्हीकडच्या आदिवासी घरांत ज्वारी-मक्याचा, नागलीचा रोटला, उडदाची डाळ, रानभाज्या. अक्कलकुव्याचा माणूस राज्याची सीमा ओलांडून काही तासांत एकतानगरला पोहोचतो आणि त्याच्या पुढ्यात येते व्हेज मंचुरियन. घरच्यासारखे आणि तिथलेही असे जे एकच जेवण होते, नेमके तेच मेन्यूत नाही. कधी एखादी ‘काठियावाडी नाइट’ लावतात, थंडीत उंधियू येतो. पण उंधियूला सुरती पापडी, कंद, मेथीचे मुठिये, भरपूर तेल आणि निवडणारे हात लागतात. तो रोज परवडत नाही.

तिखटाचेही असेच. पॅकेजच्या जेवणात एका भांड्यातून सगळ्यांना वाढायचे असते. जैन पाहुणा, आजारी आजोबा, तीन वर्षांचे मूल, परप्रांतीय, परदेशी, सगळेच. म्हणून कुणालाच खटकणार नाही अशी चव धरली जाते. इथे बहुतेक ठिकाणी पॅकेजचे जेवण शाकाहारी आणि डाळीत गुळाचा खडा. खानदेशी जिभेला ते मिळमिळीत लागते, आणि मग बॅगेतून शेंगदाण्याची चटणी बाहेर निघते.

थाळीचे गणित वेगळे का

इथे एक शंका येईल. गुजराती थाळीसुद्धा ठरलेल्या दरात, हवी तेवढी. मग तिथे चार फरसाण, तीन भाज्या, दोन गोड आणि फुलके गरमागरम कसे येतात?

फरक ‘अनलिमिटेड’मध्ये नाही, पैसे कधी दिले यात आहे. थाळीवाल्याला पैसे जेवण झाल्यावर किंवा जेवायला बसताना मिळतात, आणि तेही त्या एका जेवणाचे. आज डाळ पातळ निघाली तर गिऱ्हाईक उद्या समोरच्या दुकानात जाईल. बडोद्यात अलकापुरीपासून मांडवीपर्यंत खायच्या जागांची कमी नाही. थाळीवाल्याला गिऱ्हाईक पुन्हा यायला हवे असते, आणि तो गावातलाच असतो. रिसॉर्टचा पाहुणा धुळ्याचा किंवा नागपूरचा. तो पुतळा एकदा बघतो; पुन्हा येईल तो पाच वर्षांनी पाहुण्यांना घेऊन, किंवा कधीच नाही. आणि त्या रात्री नाराज झाला तरी जाणार कुठे? पैसे तर दिलेले आहेत.

सेव उसळीकडे बघितले की हे आणखी स्पष्ट होते. मराठी उसळीचा गुजराती शेवेशी संसार थाटला गेला तो बडोद्यात; कीर्तिस्तंभाजवळच्या महाकाली सेव उसळचे नाव तर बाहेरगावीही माहीत आहे. वाटाण्याचा रस्सा, वर शेव, पातीचा कांदा, वेगळी तरी आणि पाव. एवढ्या एका पदार्थावर दुकान चालते, कारण प्लेटमागे पैसे मिळतात आणि प्लेट चांगली असेल तरच माणूस दुसऱ्यांदा येतो. असा एकाच पदार्थाचा मेन्यू पॅकेजमध्ये कधीच चालणार नाही. आधी पैसे देणाऱ्याला यादी लांब लागते; ‘यात काय काय आहे?’ हाच त्याचा पहिला प्रश्न असतो. म्हणून ब्रोशरवर ‘32 पदार्थ’ छापतात आणि त्यात चार लोणची, तीन चटण्या, चिरलेला कांदा आणि लिंबूही मोजतात.

फ्लोरिडात घडलेली गोष्ट

हा प्रकार आपल्याकडचाच नाही. त्याचे सर्वात मोठे आणि सर्वात चर्चिले गेलेले उदाहरण अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यातले वॉल्ट डिस्ने वर्ल्ड. तिथे 2005 मध्ये ‘डिस्ने डायनिंग प्लॅन’ आजच्या धाटणीत सुरू झाला. रिसॉर्टमध्ये राहणाऱ्याने राहण्याच्या रात्रींनुसार जेवणाचे ‘क्रेडिट’ आधी विकत घ्यायचे आणि पार्कमधल्या हॉटेलांत ते खर्च करायचे. टेबलावर बसून जेवायचे एक क्रेडिट, काउंटरवरून घ्यायचे वेगळे, खाऊचे वेगळे.

सुरुवातीला प्लॅन उदार होता. एका क्रेडिटमध्ये सुरुवातीचा पदार्थ, मुख्य पदार्थ, गोड, आणि वर वेटरची टिपसुद्धा. 2008 पासून सुरुवातीचा पदार्थ आणि टिप दोन्ही वगळले. दर ठेवायचा आणि ताटातले काढायचे, हा मार्ग तिथेही तोच. भारी हॉटेलांसाठी एका जेवणाला दोन क्रेडिट लागतात. कोरोनामुळे 2020 मध्ये प्लॅन बंद पडला आणि 9 जानेवारी 2024 पासून पुन्हा सुरू झाला.

मेन्यूवर काय परिणाम झाला, याबद्दल तिथल्या नेहमीच्या पाहुण्यांची जुनी तक्रार आहे : वेगवेगळ्या नावांच्या हॉटेलांत तेच ते मिळू लागले, आणि रोख पैसे देणाऱ्याला भाव चढे वाटू लागले. कारण समजायला अवघड नाही. चिकन आणि स्टेक दोन्ही एकाच क्रेडिटचे असतील तर माणूस स्टेकच मागवणार. मग हलका, स्वस्त पदार्थ कार्डावर ठेवून उपयोग नाही, तो कुणी घेत नाही. आणि कार्डावरचा छापील भाव जितका जास्त, तितका प्लॅन घेणाऱ्याला आपला फायदा झाल्यासारखा वाटतो. भाव वाढवायला यापेक्षा चांगले निमित्त कोणते?

आपल्याकडे क्रेडिट नसतात, बुफे असतो, एवढाच फरक. तरी एक फरक महत्त्वाचा आहे, तो दारूचा. डिस्नेच्या प्लॅनमध्ये 2018 पासून 21 वर्षांवरील पाहुण्याला पेयांत बिअर-वाइनही घेता येते. जगभरातली हॉटेले जेवणात घातलेले बारमध्ये काढतात. गुजरातमध्ये दारूबंदी, इथल्या रिसॉर्टला ती वाट नाही. (एक फलाट दोन राज्यांत असलेल्या नवापूरच्या लोकांना या फरकाबद्दल अधिक काही सांगण्याची गरज नाही.) त्यामुळे जे काही सुटायचे ते डाळ-भातातूनच सुटले पाहिजे. त्याचा ताण पुन्हा मेन्यूवरच येतो. म्हणूनच पाण्याची बाटली, चहा, आइस्क्रीम अशा गोष्टी पॅकेजच्या बाहेर ठेवलेल्या दिसतात.

महिन्याचा पास आणि खाडा

थीम पार्कची चैन ज्यांना ठाऊक नाही अशांनाही हे सगळे दुसऱ्या वाटेने माहीत असते. महाराजा सयाजीराव विद्यापीठ 1949 मध्ये स्थापन झाले. खानदेशातली, डहाणू-पालघरकडची मुले इथे शिकायला येतात. वसतिगृहात जागा मिळाली नाही तर भाड्याची खोली आणि महिन्याचा पास. मेसचे पैसे एक तारखेला आगाऊ.

मेस म्हणजे आधी पैसे भरलेल्या जेवणाचे सर्वात जुने आणि सर्वात प्रामाणिक रूप म्हणायला हवे. कारण तिथे खाड्याची पद्धत आहे. मुलगा गावी गेला, आधी सांगून गेला, तर तेवढ्या वेळा धरून पुढच्या महिन्यात वळत्या करतात. न आलेल्या जेवणाची कमाई मालकाने एकट्याने खायची नाही, हा खाड्याचा अर्थ. आता नियम कडक झाले आहेत. सलग तीन किंवा चार दिवसांपेक्षा कमी असेल तर खाडा धरत नाहीत, आदल्या दिवशी सांगितले पाहिजे, रविवारी रात्री मेस बंद आणि ती वेळ मोजायची नाही. प्रत्येक नियमामागे तोच हिशेब.

मेसच्या मेन्यूवर त्याचा परिणाम उघड असतो. भाजी बटाट्याची, आठवड्यातून दोनदा कडधान्य, डाळ लांबवता येते म्हणून डाळ, आणि रविवारी दुपारी फीस्ट. ती फीस्ट मुद्दाम रविवारी, कारण आठवड्याची आठवण शेवटच्या जेवणावर ठरते. रिसॉर्टमध्येही सकाळचा नाश्ता सर्वात भरघोस असतो, पोहे, इडली, फाफडा-जिलेबी, टोस्ट, फळे. पाहुणा खोली सोडतो तो नाश्ता करून, आणि नाश्त्याचा कच्चा माल सगळ्यांत स्वस्त.

पण मेसवाल्याला शंभर मुले रोज समोर दिसतात. पोळी कच्ची राहिली तर दुसऱ्या दिवशी चार मुले जवळच्या मेसला जातात. रिसॉर्टवर हा धाक नाही. खाड्याची सोय तर नाहीच. रात्रीचे जेवण चुकले म्हणून बिलातून वजा झाल्याचे कुणी ऐकलेले नसेल.

बाजू दुसरीही आहे

एवढे वाचून पॅकेज वाईटच असे ठरवायचे कारण नाही. घरात सहा माणसे, त्यांत दोन म्हातारी आणि एक तान्हे मूल असेल तर दिवसभर उन्हात फिरून रात्री नऊला हॉटेल शोधत हिंडणे ही शिक्षा आहे. आधी दर ठरला की बिल बघून पोटात गोळा येत नाही. मुलाने अर्धी प्लेट टाकली तर बाबा ओरडत नाहीत. स्वयंपाकघरालाही माणसे किती हे माहीत असल्याने अन्न कमी वाया जाते आणि दर खाली ठेवता येतो. धोरडोसारख्या जागी तर हे नसते तर राहणेच शक्य झाले नसते.

ज्याची बाजू यात कुणी मोजत नाही तो फाटकाबाहेरचा माणूस. रात्रीचे जेवण आत झाले की रस्त्यावरच्या गाडीवरचा मका, भजी, रोटला खायला कुणी उतरत नाही. पर्यटक वाढले म्हणून आजूबाजूच्या गावांत धंदा वाढेल असे वाटते. पण पर्यटकाचे तिन्ही वेळचे पोट आधीच विकले गेले असेल तर गाडीवाल्याला उरते ते पाणी आणि पॉपकॉर्न.

फोनवर काय विचारावे

बडोदा शहरात राहायचे असेल तर ईपी किंवा फार तर सीपी पुरे. पायाशी सेव उसळ, थाळी, नातेवाइकांचे घर असताना रात्रीचे जेवण खोलीबरोबर विकत घेण्यात शहाणपणा नाही. एकतानगरला गोष्ट वेगळी. दिवसभर पुतळा, जंगल सफारी, धरण, संध्याकाळी लेझर शो असा कार्यक्रम असेल तर दुपारी हॉटेलवर परतणे जमत नाही. तिथे एपी घेतला तर दुपारचे जेवण बहुधा न खाताच फुकट जाते, म्हणजे हॉटेलच्या ‘न आलेल्या’ यादीत आपणच. मॅप बरा.

बुफे आहे की फिक्स मेन्यू, हे आधीच विचारावे. खोल्या कमी भरल्या असतील तर अनेक हॉटेले बुफे लावतच नाहीत. चार पदार्थांचे ठरलेले ताट देतात, आणि बुकिंगवर मात्र ‘डिनर इन्क्लुडेड’ एवढेच लिहिलेले असते. जेवणाची शेवटची वेळ काय, शो बघून उशीर झाला तर काय मिळेल, पाच-सहा वर्षांच्या मुलाचे पूर्ण पैसे की अर्धे, जैन किंवा मधुमेहाचे जेवण आधी सांगून मिळते का, दुपारच्या ऐवजी रात्रीचे बदलून देतात का, पाणी आणि चहा धरलेले आहेत का. उत्तर तोंडी न घेता व्हॉट्सअॅपवर लिहून मागावे. लेखी असेल तर भांडायला आधार राहतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार करता येते, दोन राज्यांचा प्रश्न तिथे आड येत नाही.

बिलाकडेही नीट बघावे लागते. 22 सप्टेंबर 2025 पासून एका दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यावर 18 टक्के. खोली आणि जेवण एकाच रकमेत विकले की ते एकच पॅकेज धरून कर लागू शकतो. खोली 6,500 ची, जेवण 2,000 चे, आणि बिलावर मात्र एकगठ्ठा 8,500, असे झाले तर सगळ्यावरच वरचा दर लावला जाण्याची शक्यता असते. म्हणून खोली वेगळी आणि जेवण वेगळे असे सुटे दर आधी मागावेत. सुटे दर हातात आले की जेवणाचे माणशी किती धरले आहेत हेही कळते, आणि तेवढ्या पैशांत बाहेर काय मिळाले असते याची तुलना करता येते. सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नये असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै 2022 मध्ये सांगितले होते आणि मार्च 2025 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते उचलून धरले. तरी पॅकेजच्या बारीक अक्षरांत तो दिसला तर काढायला सांगता येतो.

सुटे दर द्यायला नकार देणारे हॉटेलही भेटते. अशा वेळी त्याच हॉटेलचा ईपीचा दर ऑनलाइन बघून वजाबाकी करावी. फरक माणशी थाळीच्या दरापेक्षा जास्त येत असेल तर एजंटला तसे सांगितल्यावर दर खाली येतो, विशेषतः सुट्टीचे आठ-दहा दिवस सोडून.